कॅलेंडरमागचा कोळी



पावसाळ्यात आपल्या मांडवगणात भीमाकाठी ट्यूबलाइटभोवती किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी. छताच्या कोपऱ्यातला लांब पायांचा जाळ्यात डास धरतो. फुंकर मारली की गदागदा हलतो. कॅलेंडरमागचा चपटा, पायांसकट तळहाताएवढा, शिकारीसाठी जाळं विणतच नाही. दिवसा फटीत दडतो, रात्री झुरळं पकडतो. पोटाखाली पांढरट चकती दिसली तर ती मादी, अंडी सांभाळतेय.

घटस्थापनेआधी जळमटं जरूर काढा. पण जिन्यात सरसकट औषध फवारायचा विषय निघालाय, त्याला माझा विरोध आहे. झुरळं परत येतील, तेव्हा धरणार कोण? चपटा दिसला तर वरून डबा ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा, बाहेर सोडा. भीती वाटली तर मला हाक मारा, मी तळमजल्यावरच असतो.