दमट बोर्ड आणि दूरचा मुनसफ



ज्या नगरीत १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय आजही नांदते आहे आणि जेथे १९९० साली मधु मंगेश कर्णिकांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या रत्नागिरीत मोबाइलवरील खेळ रचणारांचा मेळावा भरावा, आणि ज्याची बोटे काचेच्या पडद्यापेक्षा कॅरमच्या पावडरीतच अधिक रुळली अशा माणसाला त्याचे अध्यक्षपद मिळावे, याचा मला संकोच वाटतो. तथापि आकांक्षा कदमसारखी राष्ट्रीय कीर्तीची कॅरमपटू देणाऱ्या या गावात कॅरमपासून बोलणे सुरू केले तर कोणी नावे ठेवणार नाही.

माझ्या बालपणी मृगाची हवा लाकडात मुरली की मे महिन्यात कोपऱ्यापर्यंत सुळकन जाणारी सोंगटी अर्ध्या वाटेतच दम टाकी, आणि पावडरीचा डबा रिता केला तरी तिचा आळस जात नसे. परंतु त्यावरून पडवीत कधी तंटा झाल्याचे स्मरत नाही. कारण बोर्ड जितका मला दमट, तितकाच समोरच्यालाही. कौशल्याच्या खेळातून दैवाला हद्दपार करता येते हा समज मला भाबडा वाटतो. दैव दोघांच्या पानांत सारखे वाढले म्हणजे पुरते. आणि तसे वाढण्याची तजवीज करणे हाच खेळकर्त्याचा मुख्य व्यवसाय होय. चित्रे, रंग, नाद हा सारा नंतरचा शृंगार.

दैव आणि कौशल्य यांचा हा भेद आमच्या कायद्याच्या दप्तरात जुनाच आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानेही निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळले होते. पुढे आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ पत्रातून निघणाऱ्या त्या कोड्यांनी मुंबई राज्यातील कितीएक घरांना नादावले होते. परंतु उत्तर संचालकाने अगोदरच ठरवून ठेवलेले असे, आणि स्पर्धकाचे शब्दज्ञान कितीही अगाध असले तरी ते त्या ठरीव उत्तराशी जुळले तरच त्याची किंमत. एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयाने हा जुगार ठरविला, आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात, ज्या स्पर्धेचे यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते ती व्यापाराच्या स्वातंत्र्यात मोडते, असेही सांगितले. उत्तर ज्याच्या लखोट्यात, दैवही त्याच्याच मुठीत. हे दैव दोघांना सारखे नव्हे, म्हणून तो निकाल मला खेळरचनेच्या दृष्टीनेही रास्त वाटतो.

आता प्रत्यक्ष कारागिरीकडे वळू. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी आणि फार तर पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर, एवढा हा कॅरमचा संसार. तो फोनवर मांडला की खेळाडूचे बोट फोनला तीनच गोष्टी सांगते, स्ट्रायकर कोठे ठेवला, दिशा कोणती, जोर किती. या तीन आकड्यांवरून दोघांच्या फोनांनी आपापला हिशेब करावा हे सोपे दिसते. परंतु अपूर्णांकांचे पूर्णन निरनिराळ्या यंत्रांत केसभर निराळे होऊ शकते, आणि पाच-सहा टकरींनंतर त्या केसाचा असा दोरखंड होतो की एकाच्या पडद्यावर राणी पॉकेटमध्ये गेलेली असते आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ती काठाशी उभी राहून वाट पाहत असते. म्हणून जाणते रचनाकार दशांशांना रजा देऊन सारी आकडेमोड पूर्णांकांत करतात, काळाचेही एका सेकंदाचे साठ सारखे तुकडे पाडतात, आणि तेवढ्यानेही मन निवले नाही तर निवाडा दूरच्या सर्व्हरकडे सोपवितात. फोनने केवळ कैफियत मांडावी, निकाल मुनसफाने द्यावा. कारण जो फोन स्वतःच ‘राणी माझी’ असा फैसला करू शकतो, त्याच्या मालकाला लबाडी शिकायला फार दिवस लागत नाहीत.

मुनसफ दूर असला की निकालाला वेळ लागतो. कॅरममध्ये पाळीपाळीने खेळायचे असल्याने अर्ध्या सेकंदाचा विलंब खपतो. पण झुंजीच्या वेगवान खेळात प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधून चित्र पुढे न्यावे लागते, आणि खरी हालचाल येऊन पोचली की मागे जाऊन तो प्रसंग पुन्हा रचावा लागतो. घाटात रेंज गेलेल्या खेळाडूला हे सारे मायाजाल वाटते, आणि ते आहेही.

नेम धरताना सोंगटीची वाट पडद्यावर दाखविणाऱ्या नेमरेषेविषयी मात्र माझे मत कडवे आहे. पडद्यावर बोटाचा स्पर्श जाड असतो, तेव्हा थोडीशी रेषा दाखविणे क्षम्य. परंतु पैसे भरणाराची रेषा लांबविणे म्हणजे एकाच बोर्डाची एक बाजू विकत सुकवून देणे होय.

तुल्यबळ खेळाडूंची जोडी लावण्याचे काम बुद्धिबळाने सोपे केले आहे. आर्पाद एलो या पदार्थविज्ञानवेत्त्याची गुणांकनपद्धती फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. तीत चारशे गुणांचे अंतर म्हणजे वरचढाचे पारडे दहास एक असे जड. तेव्हा नवख्याला तशा वरचढासमोर बसविणारा सर्व्हर खेळ लावीत नाही, शिकार लावतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, सरसकट मनाई केली, आणि मुंबईच्या ड्रीम ११ या ऑनलाइन खेळांच्या कंपनीने आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. १९५७ चा तो सूक्ष्म भेद त्या क्षेत्रापुरता मावळला, म्हणून काही मित्र उदास आहेत. मी नाही. आमच्या पडवीत कोणी पैसे लावीत नसे, तरी हरणाराला त्या रात्री जेवण गोड लागत नसे.

काल सायंकाळी एका तरुण मित्राने आपल्या फोनवरचा कॅरम मला दाखविला. बोर्ड बारमाही कोरडा! ‘यात आषाढ कोठे आहे?’ असे मी विचारताच तो हसून म्हणाला, ‘सर, घर्षणाचा एकच आकडा बदलला की आषाढ. पण तो डाव मांडतानाच सर्व्हरने दोघांना सारखा द्यायला हवा.’ दुसऱ्या सत्रात तो हे प्रत्यक्ष दाखविणार आहे. त्याचा वेळ मी आणखी घेत नाही.