लाल पिंग आणि विरार लोकल

(वसई येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल सुटली. पुढे या पट्ट्यातल्या माणसाने अंतर किलोमीटरमध्ये मोजणं सोडूनच दिलं. वसईचा माणूस कुठे राहतो, याचं उत्तर तो मिनिटांत देतो. फास्ट मिळाली तर इतकी, स्लो मिळाली तर तितकी.

आता त्याच घरांतली मुलं आणखी बारीक मापाने अंतर मोजू लागली आहेत. "सिंगापूर किती दाखवतंय?" "नव्वद." "आणि मुंबई?" "बारा. पण रात्री दीडशेवर जातं." हे आकडे मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचे. मुलं त्याला पिंग म्हणतात. हा शब्द पाणबुडीवरून आला. पाण्यात ध्वनी सोडायचा आणि तो कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. त्याच कल्पनेवर माइक मस या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर 1983 मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला ध्वनीचंच नाव दिलं. दूरच्या संगणकाला हाक मारायची, 'ओ' यायला किती वेळ लागतो ते पाहायचं, काम एवढंच. मोबाइलवरच्या खेळात हा आकडा कोपऱ्यात दिसतो, हिरवा, पिवळा किंवा लाल. तो लाल झाला की नालासोपाऱ्याच्या एखाद्या खोलीतून ओरडा ऐकू येतो आणि स्वयंपाकघरातून उत्तर येतं, "हरलास की नेटच्या नावाने बोंबलतोस!"

आईचा संशय चुकीचा असू शकतो. मुलाची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, आणि तिचा संबंध समुद्राखालच्या केबलशी, परदेशी कंपन्यांच्या हिशेबाशी आणि गल्लीतल्या खांबावरच्या डब्याशी असतो.

कबड्डीचं मैदान डोळ्यांसमोर आणा. सामना वसईच्या अंगणात चालला आहे, पण पंच बसला आहे सिंगापूरला. चढाईपटूचा हात मध्यरेषेला लागला; त्याची वर्दी पंचापर्यंत जायला वेळ, निर्णय परत यायला वेळ. तेवढ्यात कोपरारक्षकाने पाय धरल्याची वर्दीही निघालेली असते. आता समजा, त्याच सामन्यातला समोरचा संघ खुद्द सिंगापूरचा आहे आणि पंचाच्या शेजारीच उभा आहे. त्याची प्रत्येक हालचाल पंचाला आधी कळते. ऑनलाइन खेळात सर्व्हर हा तो पंच. खेळाडू पडद्यावर पाहतो ते सर्व्हरने थोड्या वेळापूर्वी पाठवलेलं चित्र असतं. "मी भिंतीमागे पोहोचलो होतो, तरी गोळी लागली," ही तक्रार जगभर ऐकू येते. तक्रार करणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या पडद्यावर तो खरोखरच भिंतीमागे पोहोचलेला असतो. गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर अजून उघड्यावर असतो. सर्व्हरला दोघांपैकी एकाचं खरं मानावं लागतं आणि नेमबाजीच्या खेळांत ते साधारणपणे गोळी झाडणाऱ्याचं मानलं जातं.

हे अंतर झाकण्यासाठी प्रोग्रामर मंडळींनी फार कष्ट घेतले आहेत. 1996 मध्ये 'क्वेकवर्ल्ड'साठी जॉन कार्मॅकने अशी सोय केली, की खेळाडूने बटण दाबताच त्याच्याच संगणकाने अंदाजाने त्याला पुढे सरकवावं आणि सर्व्हरचं उत्तर आल्यावर चूक दुरुस्त करावी. टोनी कॅननने मारामारीच्या खेळांसाठी 'रोलबॅक' पद्धत आणली. तीत अंदाज चुकला तर खेळ क्षणभर मागे नेऊन पुन्हा पुढे आणला जातो. या युक्त्यांनी अंतर लपतं, मिटत नाही. अंदाज फार चुकू लागला की समोरचा खेळाडू एका खांबाआडून गायब होऊन दुसऱ्या खांबाआड उगवतो. मुलं म्हणतात, "टेलिपोर्ट मारतोय."

अंतर मिटत का नाही? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. विरार ते चर्चगेट त्याला सेकंदाचे तीन दशसहस्रांश लागतात. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान 39 मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत यंत्रंही असतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा साठच्या आसपास किंवा त्याहून वर भरतो. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी त्या 39 मधला एकही मिलिसेकंद कमी होणार नाही. सर्व्हर जवळ आणणं, एवढाच उपाय उरतो.

आणि तो बराच काळ जवळ नव्हता. भारतातल्या खेळाडूपुढे प्रदेश निवडण्याची यादी यायची तेव्हा त्यात सिंगापूर असे, युरोप असे; मुंबई नसे. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला आपली केंद्रं सुरू केली, ॲमेझॉनची क्लाउड सेवा जून 2016 मध्ये मुंबईत आली, गूगलची 2017 मध्ये. यानंतर खेळ बनवणाऱ्या कंपनीला स्वतःची इमारत न बांधता मुंबईत सर्व्हर भाड्याने घेणं शक्य झालं. तरीही प्रत्येकीने ते लगेच केलं नाही. 'व्हॅलोरंट' हा खेळ 2 जून 2020 रोजी जगभर खुला झाला. त्याच्या रायट गेम्स या कंपनीने आधीच जाहीर केलं होतं, की निदान सत्तर टक्के खेळाडूंना 35 मिलिसेकंद किंवा त्याहून कमी पिंग मिळावं असं आपलं लक्ष्य आहे. सर्व्हरही सेकंदाला 128 वेळा खेळाचा हिशेब करणारे. टाळेबंदीत घरी बसलेली भारतातली मुलं मात्र तेव्हा सिंगापूरला जाऊन खेळत होती, त्या उरलेल्या तीस टक्क्यांत. खूप मागणी झाली आणि त्याच वर्षी मुंबईचा सर्व्हर सुरू झाला. तक्रार करून काही होत नाही असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पण सर्व्हर जवळ आला म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. 'डोटा 2'ला भारतासाठीचा सर्व्हर असूनही इथले बरेच मुरलेले खेळाडू आग्नेय आशियाचा सर्व्हर निवडत आले. कारण साधं आहे. जवळच्या आखाड्यात पिंग कमी, पण पहिलवानही कमी; जोड मिळायला वाट पाहावी लागते, आणि मिळालेली जोड एक तर फार कच्ची किंवा फार पक्की. दूरच्या आखाड्यात गर्दी आहे, बरोबरीचा प्रतिस्पर्धी लगेच भेटतो, पण प्रत्येक डाव थोडा उशिरा पडतो. चांगले खेळाडू बाहेर गेले की जवळचा आखाडा आणखी ओस पडतो. या निवडीत कोणाचा हट्ट नसतो. दोन्हीकडे काहीतरी सोडावंच लागतं. म्हणून जे खेळ प्रदेश स्वतःच ठरवतात आणि खेळाडूला बदलू देत नाहीत, ते त्याच्यावर अन्याय करतात. सर्व्हरचा आकडा आणि तिथली गर्दी दोन्ही दाखवून निवड त्याच्यावर सोपवणं, एवढा मान त्याला मिळायलाच हवा.

वसईच्या घरांत याला आणखी एक पदर आहे. इथल्या कितीतरी कुटुंबांतलं कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे, कोणी कॅनडात स्थायिक झालं आहे. रविवारी संध्याकाळी वसईतल्या पापडीचा मुलगा, दुबईचा मावसभाऊ आणि टोरांटोची आतेबहीण एकत्र खेळायला बसतात तेव्हा सर्व्हर कुठला घ्यायचा? मुंबई-दुबई सुमारे 1,900 किलोमीटर, तिथपर्यंत निभतं. टोरांटो बारा हजार किलोमीटरच्या पुढे. सरळ तंतू असता तरी सव्वाशे मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात दोनशेच्या वर. मुंबई घेतली तर ती मुलगी सगळा वेळ मागे पडते, युरोप घेतला तर तिघेही थोडे थोडे मागे पडतात. भावंडं बहुधा युरोप घेतात. मग धाकटा कुरकुरतो आणि दुबईचा दादा त्याला म्हणतो, "तिचा विचार कर की जरा."

हे सगळं ज्या तारांवरून जातं त्यांचं एक टोक वसईपासून फार लांब नाही. वसईच्या किल्ल्यापासून समुद्राच्या कडेने दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर वर्सोवा आहे, आणि परदेशातून येणाऱ्या अनेक केबल तिथल्या वाळूखालून जमिनीवर येतात. मुंबईला हे नवं नाही. 1870 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली होती. 2022 च्या अखेरीस देशात 17 आंतरराष्ट्रीय केबल 14 ठिकाणी उतरत होत्या, त्यांचा मोठा भार मुंबई आणि चेन्नईवर. जगात दरवर्षी दीड-दोनशे ठिकाणी अशा केबल बिघडतात, त्यातल्या बहुतेक जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी यांमुळे. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात तळाशी अडकलेलं जाळं म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी 2008 च्या शेवटी अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रांगू लागलं. सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात पुन्हा तेच झालं. अशा वेळी संदेश लांबच्या वाटेने वळवले जातात, आणि युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचा आकडा एका रात्रीत चढतो. मुलाने काही केलेलं नसतं, केबलवाल्यानेही नाही.

लांबच्या वाटेचा एक देशी प्रकारही आहे. वसई-नालासोपाऱ्याचा प्रवासी चर्चगेटला जाण्यासाठी आधी उलटा विरारला जातो, म्हणजे बसायला जागा मिळते. इंटरनेटवर असा उलटा प्रवास जागेसाठी होत नाही; दोन कंपन्यांनी आपापल्या तारा जवळपास जोडलेल्या नसतात म्हणून होतो. मग वसईच्या घरातून निघालेला संदेश मुंबईतल्याच सर्व्हरकडे जाताना सिंगापूरला वळसा घालून येऊ शकतो. देशातली वर्दळ देशातच राहावी, यासाठी 2003 मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली आणि कंपन्यांनी एकमेकींना जोडून घेण्यासाठी मुंबईसह मोठ्या शहरांत केंद्रं निघाली. वळसे बरेच कमी झाले, पुरते संपलेले नाहीत. मुंबई सर्व्हर निवडूनही पिंग साठच्या खाली येत नसेल, तर पहिला संशय या वळशाचा घ्यावा.

आणि दुसरा संशय गर्दीचा. ऐरोली, महापे, पनवेल इथली डेटा सेंटर वसईपासून खाडीपलीकडे तीस-पन्नास किलोमीटरवर आहेत. तिथवर प्रकाशाला जाऊन-येऊन अर्धा मिलिसेकंद पुरे. सकाळी सहाला आकडा आठ-दहा दिसतो, याचा अर्थ तारेत दोष नाही. रात्री साडेनऊला तोच दीडशे होतो, कारण तेव्हा अख्खी इमारत एकाच वेळी चित्रपट पाहत असते. खेळाला डेटा फार थोडा लागतो. तासभर खेळून जेवढा जातो तेवढा चांगल्या दर्जाचा चित्रपट काही मिनिटांत संपवतो. पण खेळाचं ते इवलंसं पाकीट चित्रपटाच्या अवजड पोत्यांमागे रांगेत उभं राहतं. संध्याकाळी दादरला विरार गाडीत चढू पाहणाऱ्याची अवस्था आठवावी: गाडीचा वेग कमी झालेला नसतो, पण दारातून आत शिरेपर्यंत तीन गाड्या निघून जातात. या दुखण्याला जिम गेटिस या अभियंत्याने 2010 च्या सुमारास 'बफरब्लोट' असं नाव दिलं. राउटर रांग वाढवत राहतो, पाकीट टाकून द्यायला धजत नाही, आणि शेवटच्याला भलताच उशीर होतो. त्यावर उपायही आहेत. लहान पाकिटांना रांगेत न अडकवणारी सोय बऱ्याच राउटरमध्ये असते, ती कोणीतरी सुरू करून द्यावी लागते.

जाहिरातींवर राग येतो तो इथे. शंभर एमबीपीएस, तीनशे एमबीपीएस असे आकडे भिंतीभिंतींवर रंगवलेले आहेत. मिलिसेकंदाचा आकडा कुठेच नाही. पाण्याच्या पाइपाची जाडी सांगायची आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगायचं नाही, असा हा व्यवहार आहे, आणि वसई-विरारच्या गृहिणीला त्यातली खोट चटकन कळेल.

विजेचा प्रश्न वेगळाच. घरात इन्व्हर्टर असतो, राउटर चालू राहतो. पण खांबावरच्या डब्याला बॅटरी नसेल तर गल्लीची वीज गेली की जोडणीही गेली. जुलै 2018 च्या पुरात वसईने वीज दिवस-दिवस बंद असलेली पाहिली आहे. त्यापुढे खेळाची तक्रार लहानच. पण मे महिन्यात दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं वीज जाते तेव्हा मुलगा चार वेळा सामन्याबाहेर पडतो आणि खेळ त्याला पळपुटा ठरवून खेळायला बंदी घालतो, ही शिक्षा त्याची नाही.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्‌सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि 2025 च्या कायद्याने पैशांवरचे खेळ बंद करताना ई-स्पोर्ट्‌सला वेगळं काढून मान्य केलं. एप्रिल 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये 'डोटा 2'ची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे सगळे खेळाडू एकाच छताखाली होते, पिंग सगळ्यांना सारखंच. तिथवर पोहोचण्याच्या चाचण्या मात्र घरून खेळाव्या लागतात. दक्षिण मुंबईच्या मुलाइतकीच जोडणी नालासोपाऱ्याच्या मुलालाही मिळते का, हा प्रश्न आता क्रीडाखात्यानेही विचारायला हरकत नाही.

तोवर घरात एक वही करावी. सलग तीन दिवस, सकाळी सहा आणि रात्री साडेनऊ, राउटरला वायर जोडून एकदा आणि वायफायवर एकदा, मुंबई सर्व्हरचं पिंग लिहावं. वायरवर दहा आणि वायफायवर ऐंशी आलं तर दोष घरातल्या भिंतींचा. राउटर बाहेरच्या खोलीत आणावा. वायरवरही सकाळी दहा आणि रात्री दीडशे आलं, तर आधी घरातली बाकीची उपकरणं बंद करून पुन्हा मोजावं. तरीही दीडशेच राहिलं तर दोष घराबाहेरचा. "नेट स्लो आहे" म्हणून फोन केला की केबलवाल्याकडे "राउटर बंद करून चालू करा" हे उत्तर तयारच असतं. वहीतले बारा आकडे तारीखवेळेसह त्याच्यापुढे ठेवले, आणि शेजारच्या दोन घरांनी आपल्या वह्या जोडल्या, तर त्याला शिडी घेऊन खांबावर चढावंच लागेल.