कावीळ उतरली, पण यकृताचे काय?



आपल्या वऱ्हाडात कावीळ झाली की आजही अनेकांची पावले आधी 'कावीळ उतरविणाऱ्या'कडे वळतात. गळ्यात माळ घालतात, चुन्याने हात धुतात. पाणी पिवळे झाले की रोग गेला असे मानतात. आणि बहुतेकांची कावीळ खरोखरच उतरते! कारण दूषित पाण्यातून येणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुधा आपली आपणच बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते.

घात होतो तो 'बी' आणि 'सी' या प्रकारांत. हे विषाणू दूषित रक्तातून, एकदा वापरलेल्या सुईतून शिरतात. 'बी' तर प्रसूतीसमयी मातेकडून बाळाकडे जातो. अशा बाळांपैकी शंभरात सुमारे नव्वदांच्या शरीरात तो कायमचा राहतो. डोळ्यांचा पिवळेपणा जातो, कित्येकदा तो दिसतही नाही. विषाणू मात्र यकृतात मुक्काम ठोकतो. वीस-तीस वर्षे पेशी मरत राहतात, नव्या निर्माण होतात, व्रण साचून यकृत कठीण होते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. या अखंड उलथापालथीत एखादी पेशी ताळतंत्र सोडते आणि कर्करोगाचा आरंभ होतो. 'बी' विषाणू तर कधीकधी सिऱ्होसिसचीही वाट पाहत नाही. मद्यपान आणि मधुमेह-लठ्ठपणामुळे यकृतात साचणारी चरबीही याच वाटेने नेते.

माता-भगिनींना एक सांगतो. ओलसर जागी बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. 'बी'च्या रुग्णाला ते अधिकच घातक. असे दाणे कुटात न घालता फेकून द्यावेत.

यकृत सोशिक असल्याने लक्षणे उशिरा दिसतात : अन्नावरची वासना उडणे, अकारण वजन घटणे, उजव्या बरगडीखाली जडपणा वा गाठ, पोटात पाणी, पायांवर सूज, पुन्हा कावीळ. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. सिऱ्होसिसच्या रुग्णाने मात्र लक्षणांची वाट न पाहता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी.

माळ घालायची त्याने खुशाल घालावी. झाडपाला पोटात घेऊ नये आणि 'बी'-'सी'ची रक्ततपासणी टाळू नये. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य आहेत. 'सी' बहुतेकांत सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. 'बी' औषधांनी आटोक्यात राहतो. त्यावर लसही आहे. तिची पहिली मात्रा बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते. घरी प्रसूती जवळ आली असेल, तर ही गोष्ट आजच डॉक्टरांना विचारून ठेवा.