गाईंनी दिलेली साक्ष

माउली, हे वाचताना जवळ पाण्याचा तांब्या असेल, तर क्षणभर त्यात पाहा. पाणी कसं नितळ दिसतंय ना? आजचं चिंतन त्या दिसण्यावरच आहे.

भागवताच्या दशम स्कंधात कालियाची कथा येते. तहानेनं व्याकूळ झालेल्या गाई आणि गोपाळ यमुनेचं पाणी प्याले आणि काठावरच निष्प्राण होऊन पडले. भगवंतांनी कृपादृष्टीनं त्यांना उठवलं. पण देव तेवढ्यावर थांबले का? नाही महाराज! विषाचं मूळ डोहात आहे, म्हणून कदंबावर चढले आणि थेट डोहात उडी घेतली.

आता आपल्या काळातली कथा ऐका. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीकाठी, पार्कर्सबर्ग शहराजवळ डूपॉन्ट कंपनीचा कारखाना. आपल्या घरात न चिकटणारा तवा असतो बघा, त्याच्यावरचं टेफ्लॉन तिथं बने. त्यासाठी १९५१ पासून पीएफओए नावाचं रसायन वापरलं जाई. तिथले शेतकरी विल्बर टेनंट. कंपनीच्या कचऱ्याच्या जागेवरून येणाऱ्या ओढ्याचं पाणी त्यांची गुरं पीत. दीडशेच्या वर गुरं दगावली. पाहा माउली, इथंही पहिली साक्ष गाईंनीच दिली!

१९९८ मध्ये विल्बर यांनी रॉबर्ट बिलॉट या वकिलांना गाठलं. पुढं कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा कळलं की आसपासच्या वस्त्यांच्या नळाला हे रसायन येतंय, हे कंपनीला १९८४ पासून ठाऊक होतं. मग सरकारी तपासणीत ते सापडलं कसं नाही? अहो, कायद्याच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. नाव नाही, तर शोधणार कोण?

सुमारे ६९ हजार माणसांनी तपासणीसाठी रक्त दिलं. २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांनी सांगितलं, मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी याचा संबंध संभवतो. तो निर्णय ऐकायला विल्बर राहिले नव्हते. आणि देशभर बंधनकारक मर्यादा ठरली, ती थेट २०२४ मध्ये!

कालियाला देवांनी समुद्रात धाडलं. हे विष समुद्रातही विरत नाही. पाणी उकळलं तरी जात नाही. मग आपण भिऊन बसायचं का? नाही. त्या शेतकऱ्यासारखं विचारायचं. वारी करून घरी परतलात की ग्रामसभेत उभे राहा आणि हात जोडून विचारा, "आमच्या नळाच्या पाण्यात काय काय तपासलं? काय तपासायचं राहिलं? वरच्या अंगाच्या कारखान्याचं सांडपाणी कुठं जातं?" असं विचारणं हे भांडण नव्हे बरं का, ही सेवा आहे.

ज्या पाण्यानं देवाला अभिषेक घालतो, तेच पाणी आपण लेकराच्या ओठाला लावतो. यादीत नाव नाही म्हणून विषाचं तीर्थ होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!