चाकाला हात लावून बघ

लोकलमध्ये लटकत ऐकताय, भांडी घासत ऐकताय की मीटिंग म्यूट करून ऐकताय, सगळ्यांचं स्वागत. आणि जे हे वाचताय त्यांच्यासाठी: बोललो तसंच उतरवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.

गेल्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की ऑस्ट्रेलियात राहतोस तर कधी आउटबॅकमध्ये गेलायस का? गेलोय. आई, आबा, बायको आणि अडीच वर्षांची पोरगी, असे पाच जण कॅराव्हॅन घेऊन ॲडलेडहून उलुरूला गेलो होतो. जाताना एका बाजूचंच अंतर साधारण १६०० किलोमीटर. पण आज मी तुम्हाला ट्रिपचा व्हीलॉग सांगणार नाहीये. एका चाकाची गोष्ट सांगणार आहे, आणि त्यात मी कसा शहाणा ठरलो नाही ते.

आधी थोडी ओळख. आबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाट, पावसाळा, धुकं, सगळं. रिटायर होऊन दोन वर्षं झालीत. मी बीटेक केलं, पुण्यात नोकरी केली आणि मग इकडे आलो. आईआबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात आबा गप्प व्हायला लागले. दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागते आणि गाडी मी चालवणार. बँकेत मी बोलणार, हॉटेलात मी ऑर्डर देणार. एकदा जेवताना म्हणाले, “तू मला पार्सलसारखा फिरवतोयस. इथून उचलायचं, तिथं ठेवायचं.” मी हसण्यावारी नेलं.

म्हटलं, मोठी ट्रिप काढू, बरं वाटेल त्यांना. जुलै महिना निवडला, कारण तेव्हा तिकडे हिवाळा असतो. उन्हाळ्यात त्या भागात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, लहान पोर घेऊन जाण्यात अर्थ नाही.

आता कॅराव्हॅन म्हणजे काय, तर गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आत बिछाने, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी. गाडी आमची, कॅराव्हॅन भाड्याची. करारावर चालक म्हणून माझं आणि बायकोचं नाव. आबांचं नाही. मी त्यांना विचारलंच नव्हतं. ते काही बोलले नाहीत, पण कागद दोनदा वाचला.

तयारी मी एकदम इंजिनियरसारखी केली. एक्सेल शीट. कुठे किती पेट्रोल, कुठे मुक्काम, माणशी रोज किती पाणी. आणि ते लागतंच हो! साउथ ऑस्ट्रेलिया हे राज्य महाराष्ट्राच्या तिप्पट मोठं आहे, आणि माणसं सगळी मिळून वीस लाखांच्या आत, त्यातली बहुतेक ॲडलेडमध्ये. पोर्ट ऑगस्टा सोडलं की स्टुअर्ट हायवे सुरू होतो आणि मग वस्ती म्हणजे एक पेट्रोल पंप, एक खानावळ, झालं. त्याला रोडहाउस म्हणतात. ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी या टप्प्यात तर सुमारे २५० किलोमीटर काहीच नाही. पुण्याहून निघालात आणि कोल्हापूर येईपर्यंत एक टपरी नाही, एक घर नाही, मोबाइलला रेंज नाही, असं समजा.

वर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा बराचसा भाग वूमेराच्या लष्करी चाचणी क्षेत्रात येतो. महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठा हा पट्टा. हायवे सोडून आत जाऊ नका, असे फलक लावलेले असतात. काही ठिकाणी रस्त्यावरच धावपट्टीचे पट्टे मारलेत. फ्लाइंग डॉक्टर म्हणजे विमानातून येणारे डॉक्टर, त्यांचं विमान हायवेवर उतरवायची सोय. ही सेवा १९२८ पासून चालू आहे. आबांनी ते पट्टे बघितले आणि म्हणाले, “म्हणजे इथं ॲम्ब्युलन्स वरनं येते.” तेवढाच काय तो त्यांचा शब्द सकाळपासून.

पाण्याचं डिपार्टमेंट आईकडे. तिचं माहेर जत तालुक्यातलं. मी शीटमध्ये भांड्यांना रोज दहा लिटर धरले होते. तिनं शीटकडे बघितलंसुद्धा नाही. ताटं आधी कागदानं पुसायची, मग एका तांब्यात पाचही ताटं. तेच पाणी पुढे हात धुवायला. दुसऱ्या दिवशी टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली!

आता मुद्द्याचं. आम्ही जिथं जिथं थांबायचो तिथं आबा उतरायचे आणि कॅराव्हॅनच्या चाकापाशी वाकायचे. तळहात उलटा करून हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, टेकवायचे. आधी डावं, मग उजवं. मग चहा. मला ते बघून जरा वैताग यायचा, कारण मी चाकांना सेन्सर लावले होते. हवेचा दाब आणि तापमान सगळं फोनवर दिसायचं, ब्लूटूथनं. रेंज लागत नाही त्याला.

लेक हार्ट नावाचं मिठाचं कोरडं तळं आहे, पांढरंफेक. तिथं आबा म्हणाले, “डावं चाक उजव्यापेक्षा गरम लागतंय.” मी फोन दाखवला. दोन्ही हिरवे.

पुढं ग्लेनडॅम्बोला पेट्रोल भरलं. आबा परत वाकले. म्हणाले, “अजून तापलंय. बेअरिंग बघून घे कुणाकडनं तरी.” दुपारचा एक वाजला होता, अंधार पडायच्या आत कूबर पीडी गाठायचं होतं. मी म्हणालो, “आबा, सगळं मॉनिटर होतंय. ही तुमची एसटी नाही.”

बोललो आणि बोलल्या बोलल्या कळलं काय बोललो ते. बायकोनं माझ्याकडे बघितलं. आबांनी रुमालाला हात पुसले आणि गाडीत बसले.

पुढचे सव्वाशे किलोमीटर आबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर तांबडी माती, खुरटी झुडपं आणि सरळ रस्ता. समोरून रोड ट्रेन यायच्या, म्हणजे तीन-तीन ट्रेलर जोडलेले ट्रक, पन्नास मीटरपेक्षा लांब. एक गेली की कॅराव्हॅन सबंध हलायची. अशीच एक गेली आणि आबा ताडकन म्हणाले, “थांबव. वास येतोय. गाडी थांबव.”

फोनवर अजून हिरवंच होतं.

सुदैवानं विश्रांतीथांबा लगेच आला. उतरलो. मी हबजवळ हात नेला आणि चटका बसला. हात लावायच्या आधीच धग लागत होती. जळक्या ग्रीसचा वास. अजून वीस-तीस किलोमीटर गेलो असतो तर बेअरिंग फुटून अख्खं चाक निखळलं असतं, ताशी नव्वदच्या वेगात, मागे पोरगी झोपलेली.

मग सेन्सरनं का सांगितलं नाही? तो खोटं बोलत नव्हता. तो व्हॉल्व्हवर बसतो आणि टायरमधल्या हवेचं तापमान मोजतो. बेअरिंग असतं आत, आसावर. तिथली उष्णता हवेपर्यंत पोचायला वेळ लागतो. मी जे मोजत होतो ते ठीकच होतं. जे बिघडत होतं ते मी मोजतच नव्हतो. आपण ऑफिसात हेच करतो ना? डॅशबोर्ड हिरवा, आणि कस्टमर फोन करून ओरडतोय.

आता करायचं काय? तिथला पहिला नियम: गाडी सोडून चालत जायचं नाही. वरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. आमच्याकडे यूएचएफ रेडिओ होता. हायवेवर ट्रकवाले चॅनल ४० वर बोलतात. मी त्यावर सांगितलं. एका ट्रक ड्रायव्हरचा आवाज आला, पाणी आहे का, पोरं आहेत का विचारलं, आणि कूबर पीडीला पोचल्यावर सांगतो म्हणाला.

पण त्याआधीच एक जोडपं कॅराव्हॅन घेऊन थांबलं. सत्तरीचे असतील. रिटायर होऊन वर्षातले सहा महिने असेच फिरणारे लोक तिकडे खूप आहेत. त्या आजोबांच्या पेटीत बेअरिंगचा जोड आणि ग्रीसचा डबा होता. माप जुळलं, हे आमचं नशीब.

आणि पुढचे दोन तास मी फक्त पाने देत होतो.

आजोबांना मराठी येत नाही, आबांना इंग्रजी जेमतेम. पण “हं”, “नो नो”, “स्लो स्लो” एवढ्यावर सगळं चाललं. हब गार होऊ दिला. जॅक लावला. टोपी काढली, तर आत ग्रीस काळं कोळसा झालेलं. देताना कुणी नीट भरलंच नव्हतं बहुतेक. आबांनी सगळं काढून पुसलं, तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि नवं बेअरिंग त्यात दाबून दाबून भरायला लागले, पुरणपोळीत पुरण भरावं तसं. मग चाक फिरवत नट आवळला, परत किंचित ढिला केला, पिन घातली. आजोबांनी चाक हलवून बघितलं आणि आबांच्या पाठीवर थाप मारली. दोन महिन्यांत आबांचा चेहरा मी असा बघितला नव्हता.

पावणेपाच वाजले होते. सूर्य मावळायला तासभर. आबा म्हणाले, “चला, निघू. सव्वाशे किलोमीटर तर आहेत.” आता मी नाही म्हणालो. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, गुरं मोकळी असतात, आणि मागे वजन ओढताना जोरात ब्रेक मारला तर कॅराव्हॅन नागासारखी वळवळते. आबा म्हणाले, “एसटी कधी अंधारात थांबली नाही.” मग माझ्याकडे बघून स्वतःच हसले. “पण ही एसटी नाही.”

मुक्काम तिथंच केला. त्या जोडप्याला आईनं थालीपीठ आणि लसणाची चटणी खायला घातली. रात्री थंडी शून्याच्या जवळ, आणि आभाळ असं की आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी आणि आबा खुर्च्या टाकून बसलो. मी विचारलं, एसटीत हे चाकाला हात लावायचं तुम्हाला कुणी शिकवलं?

म्हणाले, “शिकवतंय कोण? मागं पन्नास माणसं बसलेली असायची. बायका, पोरं, कुणी दवाखान्यात निघालेलं. त्यातल्या एकालाही माहीत नसायचं की चाक कसं आहे. म्हणून मी बघायचो. चाकाला हात लावल्याशिवाय मी कधी चहा प्यालो नाही.”

मी सॉरी म्हणालो. आबा म्हणाले, “चहा गार होतोय तुझा.”

दुसऱ्या दिवशी दर तीस-चाळीस किलोमीटरला थांबत, ऐंशीच्या आत, कूबर पीडीला पोचलो. ओपलच्या खाणींचं गाव हे. १९१५ मध्ये तिथं ओपल सापडला. उन्हाळा इतका की बरेच लोक जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतात. मेकॅनिकनं दोन्ही चाकं उघडून नवी बेअरिंग टाकली. आबांनी भरलेलं ग्रीस बघून म्हणाला, “हे कुणी केलं?” मी आबांकडे बोट दाखवलं. भाषांतर करायची गरज पडली नाही.

उलुरूला पोचलो. २०१९ पासून त्यावर चढायला बंदी आहे, कारण तिथल्या अनंगू लोकांसाठी ती पवित्र जागा आहे. पायथ्याभोवती साधारण दहा किलोमीटरची वाट आहे. आबा म्हणाले, देवाच्या डोक्यावर कशाला चढायचं, प्रदक्षिणा घालू. घातली. फोटो इन्स्टावर आहेत, बघा.

जाता जाता दोन गोष्टी. कॅराव्हॅन भाड्यानं घेणार असाल तर बेअरिंगला ग्रीस कधी भरलं ते विचारा आणि एक जास्तीचा जोड जवळ ठेवा. आणि दुसरी: घरातलं म्हातारं माणूस काहीतरी विचित्र करताना दिसलं, चाकाला हात लावताना, गॅसची नळी वाकून बघताना, तर हसण्याआधी “का?” म्हणून विचारा. मला तो प्रश्न विचारायला एकोणतीस वर्षं आणि एक जळालेलं बेअरिंग लागलं.

आबा आता कोल्हापुरात आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर पोरगी तिची खेळण्यातली गाडी दाखवत होती. आबा म्हणाले, “चिमे, चाकाला हात लावून बघ आधी.” तिनं लावला. म्हणाली, “गार आहे आबा.”

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरातला असा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. काळजी घ्या!