दारी आलेले गिऱ्हाईक

मायबापहो, तुम्ही आता वाचायला शिकलात. म्हणून आज आम्ही एका कागदाविषयी बोलणार आहोत. त्या कागदाचे नाव इसारपत्र. आपण त्याला इसारचिठ्ठी म्हणतो.

आपले गाव नागपूरजवळचे. शहर आपल्या धुऱ्यापर्यंत येऊन ठेपले आहे. आधी मिहान प्रकल्प आला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची वावरे त्यात गेली. मग समृद्धी महामार्ग आला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून निघतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी तो शिर्डीपर्यंत खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडाही खुला झाला. त्याच वर्षी गोधनी आणि लाडगावच्या शिवारात नवीन नागपूर वसवायचे सरकारने ठरवले.

अशी बातमी आधी कोणाला लागते? वावरवाल्याला नाही. दलालाला लागते.

तो न बोलावता येतो. पेढ्यांचा पुडा आणतो. म्हाताऱ्याच्या पाया पडतो. आपण वावर विकायला काढलेले नसते, घरही काढलेले नसते. तरी गिऱ्हाईक दारात! म्हणतो, "काका, आजच इसार घेऊन टाका जी. उद्या सरकार घेईन त फुकटात जाईन."

हे खोटे आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात मागच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखते पाहतात. त्यांतली चढ्या भावाची निम्मी घेऊन सरासरी काढतात. वरून दिलासा रक्कमही द्यावी लागते. आता विचार करा. दलालाच्या सांगण्यावरून आपण खरेदीखतात कमी किंमत लिहिली, तर उद्या शेजाऱ्याचाही भाव पडतो.

आम्ही हे का सांगतो? आमच्याच घरी घडले म्हणून. आमच्या थोरल्या बंधूंचे तीन एकर वावर. असाच एक जण आला. एकरी वीस लाख म्हणाला. वहिनींनी देवाजवळ दिवा लावला. इसार दिला ५१ हजार. बंधूंनी सही केली. आम्ही तेथेच बसलो होतो. जन्मभर शाळेत पोरांना वाचायला शिकवले, पण तो कागद आम्ही वाचला नाही. चहा प्यालो आणि साक्षीदार म्हणून खाली सही ठोकली!

महिना गेला, वर्ष गेले. बाकीचे पैसे येईनात. गाड्या मात्र येत. कोट घातलेले लोक उतरत, वावर पाहत आणि जात. पुतणीचे लग्न ठरले होते. पैसे हवे होते. दुसरे गिऱ्हाईक इसाराचे नाव ऐकताच मागे फिरे. तेव्हा कुठे आम्ही चष्मा लावून तो कागद वाचला. त्यात लिहिले होते, "उर्वरित रक्कम सर्व कागदपत्रे पूर्ण झाल्यावर देण्यात येईल." तारीख नाही. पुढे लिहिले होते, "खरेदीदार सांगेल त्याच्या नावे खरेदीखत करून देऊ." म्हणजे घेणारा तो नव्हताच. तो ५१ हजारांत वावर अडवून वरचा धनी शोधत होता.

मग आम्ही पाटीवर हिशेब मांडला. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. वीस लाखाला भागा. फुटाला ४६ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि तोच गृहस्थ पलीकडच्या शिवारात फुटाला सातशे सांगत होता. रस्ते सोडा, मोकळी जागा सोडा, खर्च धरा. तरी किती उरते ते तुम्हीच घरी करून पाहा. लेकरांना सोबत घ्या.

बंधू इसार परत द्यायला गेले. त्याने घेतला नाही. वकिलाची नोटीस आली. इसारपत्राने मालकी जात नाही. ती नोंदणी झालेल्या खरेदीखतानेच जाते. १८८२ पासूनचा हा कायदा आहे. पण इसार दिलेला माणूस कोर्टात जाऊन म्हणू शकतो, ठरल्या भावात जमीन मला द्या. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कोर्टाला त्याचे म्हणणे सहसा टाळता येत नाही. दावा लावायला त्याला तीन वर्षे असतात. कागदात तारीख असेल तर त्या तारखेपासून. नसेल तर आपला नकार त्याला कळल्यापासून. म्हणून तारीख न घातलेली चिठ्ठी नुसती लोंबकळत राहते. शेवटी बंधूंनी ५१ हजार आणि वर चार लाख देऊन कागद सोडवला. पुतणीचे लग्न कर्ज काढून झाले.

अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचे शहर आहे. तेथे असे घरोघर सौदे करणाऱ्यांना परवाना घ्यावा लागतो. विचारायला येऊ नका म्हणून लोक यादीत नाव घालू शकतात. आपल्याकडे अशी यादी नाही. आपल्याकडे म्हणायचे, "कागद ठेवून जा, वाचून सांगतो." खरा घेणारा दोन दिवस थांबतो. "आत्ताच सही करा" म्हणणाऱ्याला पेढ्यांसकट परत पाठवा.

आणि मुखत्यारपत्र? ते तर देऊच नका. मुखत्यार तुमच्या नावाने विकू शकतो, तुम्ही वावरात तूर सोंगत असाल तेव्हा. वडिलार्जित जमिनीत २००५ पासून लेकीचाही लेकाइतकाच वाटा आहे. तिला विचारल्याशिवाय सौदा केला तर भांडण घरातच उभे राहते. आदिवासी बांधवांची जमीन तर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला जात नाही. "परवानगी मागाहून काढू" म्हणेल त्याला पाणीसुद्धा विचारू नका. हे आमचे रागाचे बोलणे झाले, पण राहू द्या.

येत्या रविवारी सकाळी आम्ही शाळेच्या ओट्यावर बसू. ज्यांनी इसार घेतला असेल त्यांनी चिठ्ठी आणावी, सातबारा आणावा. लाजू नका. आमच्या सहीचा तो कागदही आम्ही आणणार आहोत. आधी तोच वाचू.