यंत्राची हाक आणि माणसाचे आवतण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आम्हांस विषय दिला तो असा की, आधुनिक यंत्रांच्या साह्याने ख्रिस्तसभेने दूर राहिलेल्यांस जवळ कसे आणावे. विषय मोठा आणि आमची योग्यता बेताची. तथापि मंदिराच्या घंटेचा नाद ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि अलीकडे काही वर्षे धर्मग्रामाच्या संपर्काचे काम आमच्या अंगावर आहे. त्या कामात आमच्या हातून ज्या चुका घडल्या, निदान त्या सांगण्याचा अधिकार आम्हांस खचित आहे.

यंत्र दिसले की नाक मुरडावे, अशा मंडळींपैकी आम्ही नव्हे. घंटा हे तरी काय आहे? एका माणसाचा आवाज जेथवर पोहोचत नाही तेथवर पोहोचविण्याची ती युक्तीच होय. ख्रिस्तसभेने अशा युक्तीस सहसा दार लाविलेले नाही. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली येशूसंघीयांबरोबर गोव्यास उतरला. वास्तविक तो निघाला होता अबिसीनियास. पण पुढचा प्रवास राहिला आणि यंत्र गोव्यातच कामास लागले. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी अकरावे पायस पोप महाशय मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून साऱ्या जगाशी बोलले. २००१ च्या नोव्हेंबरात दुसरे जॉन पॉल पोप महाशय यांनी ओशियानियातील ख्रिस्तसभेस उद्देशून लिहिलेले पत्र संगणकावरून एका क्षणात तिकडच्या बेटांवर धाडले.

परंतु या यादीतील एका नावापाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे, कारण ते आपल्या मायबोलीचे ऋणको नसून धनको आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. त्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते; म्हणून अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. यंत्र असे तोकडे होते. तरीही तो ग्रंथ लोकांच्या हृदयात शिरला, तो कशाने? ग्रंथाचा आरंभ पाहावा. एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रींस विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही का देत नाही? सर्व पुराण पुढे अशा प्रश्नोत्तरांतून उलगडत जाते. समोर बसलेल्या माणसाचे गाऱ्हाणे कानांनी ऐकले, त्याची भाषा त्याच्याच तोंडून शिकून घेतली, आणि मग खिळे जुळविले. क्रम हा असा होता. आमचा क्रम नेमका उलटा झाला, तो कसा ते आता सांगतो.

२०२० चा मार्च महिना आपणांपैकी कोणीही विसरलेला नाही. टाळेबंदी झाली, मंदिराची दारे मिटली. २७ मार्चच्या संध्याकाळी कैलासवासी पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या रित्या चौकात पावसात एकटेच प्रार्थनेस उभे राहिले, ते दृश्य आपण घराघरांतून पाहिले. त्या दिवसांत धर्मग्रामातील तरुणांनी एका साध्या मोबाइलवरून, काठीला दोरीने बांधून, रोजची मिस्सा घरोघर पोहोचविली. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. आखातात नोकरीस असलेल्या मुलाने आपल्या आईची प्रेतयात्रा त्या काचेच्या तुकड्यावर पाहिली. जहाजावरच्या माणसास सणाचे प्रवचन ऐकावयास मिळाले. अंथरुणास खिळलेल्यांस आजही या सोयीचा केवढा आधार आहे, हे त्यांच्या घरच्यांस विचारावे.

पुढे महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली. दारे उघडली, पण बाके पूर्वीसारखी भरेनात. आम्ही काय केले? व्हॉट्सॲपवर एक सुरेख संदेश तयार केला. मंदिराचे चित्र, भोवती फुलांची वेल, खाली मिस्सेच्या वेळा. एकाच बोटाच्या स्पर्शाने तो सर्व कुटुंबांकडे रवाना झाला, आणि आपले कर्तव्य उरकले असे समजून आम्ही चहास बसलो. असे संदेश आम्ही किती धाडले असतील! प्रत्येक सणास एक.

आमच्याच आळीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. साथीच्या दुसऱ्या लाटेत त्यांची पत्नी गेली. पूर्वी उभयता पहाटेच्या मिस्सेस नेमाने येत. तिसऱ्या रांगेतील उजवीकडची जागा त्यांचीच, असे सर्व मानीत. ती जागा वर्षाहून अधिक काळ रिकामी होती, आणि आम्ही रोज तिच्याजवळून जात होतो. एके दिवशी दुसऱ्याच कामासाठी, खरे सांगावयाचे तर महोत्सवाच्या वर्गणीसाठी, आम्ही दोघे जण त्यांच्या ओटीवर गेलो. बोलता बोलता विचारले, "काका, देवळात दिसत नाही तुम्ही. आमचे संदेश मिळत नाहीत का?"

त्यांनी उशीखालून मोबाइल काढला आणि आमच्यापुढे धरिला. सारे संदेश तेथे होते, सारे उघडलेले. "मिळतात की, बाबांनो. सगळे मिळतात," ते म्हणाले. "पण ते सगळ्यांना असतात ना! मला कोण बोलावतो आहे? ती गेल्यापासून एकट्याने त्या बाकावर जाऊन बसवत नाही, एवढेच. कोणी संगतीला आले असते तर आलो असतो."

आमच्या हातात पावतीपुस्तक होते. ते कोठे लपवावे हे आम्हांस कळेना.

बंधुभगिनींनो, संदेश उघडला गेल्याच्या त्या दोन निळ्या खुणा पाहून आम्ही दीड वर्ष समाधानी होतो. घंटेचे आणि मोबाइलचे हे सारखेच आहे की, दोन्ही सर्वांस हाक मारितात आणि नाव घेऊन कोणासही नाही. शुभवर्तमानात आंद्रेया आपल्या भावाला शोधून काढतो आणि स्वतः प्रभूकडे घेऊन जातो. फिलिप नथनाएलाशी वाद घालीत बसत नाही. चल, स्वतः पाहा, एवढेच म्हणतो, आणि त्याच्याबरोबर चालू लागतो. सहावे पौल पोप महाशय यांनी १९७५ च्या आपल्या पत्रात दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. ही प्रबळ साधने न वापरल्यास ख्रिस्तसभा प्रभूपुढे दोषी ठरेल, हे सांगून लगेच पुढे त्यांनी माणसाने माणसास भेटून सांगण्याचे महत्त्व कायम राखले आहे. २००२ साली व्हॅटिकनने इंटरनेटविषयी जे पत्रक काढिले त्यात तर स्वच्छ म्हटले आहे की, त्या जाळ्यावर साक्रामेंत नाहीत. पडद्यावर मिस्सा दिसते. ख्रिस्तप्रसाद जिभेवर येत नाही.

आवतण म्हणजे काय हे आपल्या लोकांस परक्याने शिकवावयास नको. लग्नाची पत्रिका शेजाऱ्याच्या हाती देऊन धाडली तर सोयरे रुसतात. घरातील एकासच बोलाविणे निराळे आणि चूलबंद आवतण निराळे, हा भेद आपल्या आज्या जाणत होत्या. चूलबंद म्हटले की त्या घरी त्या दिवशी चूल पेटावयाची नाही. अंथरुणावरच्या म्हातारीचे पानसुद्धा यजमानाने पोहोचते करावयाचे. म्हणजे जो आवतण देतो तो काहीतरी अंगावर घेतो. नकार ऐकण्याची तयारीही त्यातच आली, आणि आमच्या मते संदेश धाडणे गोड वाटते ते या नकाराच्या भयामुळेच. मोबाइल कधी तोंडावर दार लावून घेत नाही.

आता नव्या इमारतींकडे पाहू. वसईपासून विरारपर्यंत जेथे केळी आणि पानवेली होत्या तेथे मजल्यांवर मजले चढले, आणि त्यांत मंगळूरकडचे, केरळाकडचे, तामिळनाडूतले, छोटानागपूरकडचे कॅथलिक येऊन राहिले. त्यांपैकी पुष्कळ जण आपल्या भाषेतील मिस्सा मोबाइलवर पाहतात व रविवार साजरा झाला असे मानतात. त्यांस दोष कोण देईल? आमच्या मराठी संदेशाचे एक अक्षर त्यांस वाचता येत नाही. तेथे मोडक्या हिंदीत बोलणारी शेजारीण पुरे. पण ती जिना चढून गेली पाहिजे. आणि शेजारी हिंदू किंवा मुसलमान असेल तर त्यालाही फेस्ताच्या जेवणाचे आवतण अवश्य द्यावे, मात्र ते शेजारधर्म म्हणूनच. त्याच्या ताटाखाली आपला काही हेतू दडलेला असू नये.

यंत्र टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. कोण आजारी, कोण नव्याने आले, कोणाच्या घरी दुःख झाले, ही बातमी मोबाइलवरून आळीच्या लहान समूहास तत्काळ कळावी. निघण्यापूर्वी त्यावरूनच वेळ विचारावी. मग दोघांनी मिळून जावे, प्रभूने शिष्य धाडिले तसे, आणि पावतीपुस्तक घरी ठेवावे. येतो म्हणणाराची रविवारी वाट पाहावी. चालवत नसेल तर रिक्षा घेऊन दाराशी जावे.

ते काका आता येतात. रोज नव्हे, गुडघे दुखतात. आमच्यापैकी एक जण त्यांस आणावयास जातो आणि तिसऱ्या रांगेत त्यांच्याशेजारी बसतो.

सभागृहाच्या दाराशी मेजावर काही चिठ्ठ्या ठेविल्या आहेत. प्रत्येकीवर एका घराचे नाव लिहिले आहे. जाताना दोघांनी मिळून एक चिठ्ठी उचलावी. चिठ्ठीचे छायाचित्र काढून कोणास धाडू नये, एवढी विनंती आहे. ज्या घरचे नाव हाती येईल तेथे फेस्तापूर्वी जाऊन यावे, आणि ते लोक काय म्हणाले ते फादरांस तोंडी कळवावे.